विश्लेषण : ठोके दिसले नाहीत, म्हणून गर्भ गेला असे समजायचे का?

पाळी चुकते, घरी केलेल्या चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि आठवडाभरात सोनोग्राफीही होते. रिपोर्टवर लिहिलेले असते, ‘सॅक दिसते, गर्भ दिसत नाही’. कधी ‘गर्भ दिसतो, हृदयाचे ठोके दिसत नाहीत’. जोडीला रक्तातल्या बीटा एचसीजीचा एक आकडा. संध्याकाळपर्यंत हा कागद व्हॉट्सॲपवरून नणंद, मावशी, ओळखीतले डॉक्टर असा फिरून येतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुणीतरी ‘उगाच वाट बघू नका, पिशवी साफ करून घ्या’ असे सांगून मोकळे होते. नेमक्या अशाच घाईत काही निरोगी गर्भ गमावले गेले, हे लक्षात आल्यावर ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी निदानाचे निकष कडक केले. ते निकष काय सांगतात आणि आपल्याकडे त्यांचे काय होते, हे समजून घेतले तर हातातला रिपोर्ट वेगळा वाचता येईल.

बीटा एचसीजीचा आकडा येतो कुठून?

फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक तयार करतात. बीजकोशातून प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा थांबू नये, अस्तर गळून पडू नये, हे त्याचे सुरुवातीचे काम. पुढे वार तयार झाली की ती जबाबदारी वारेकडे जाते. या संप्रेरकाच्या रेणूत दोन साखळ्या असतात. त्यातली अल्फा साखळी थायरॉइड नियंत्रित करणाऱ्या टीएसएचमध्येही सापडते. बीटा साखळी मात्र त्याची स्वतःची. १९७२ मध्ये अमेरिकेत बीटा साखळी ओळखणारी रक्तचाचणी तयार झाली आणि काही आठवड्यांचा गर्भ आकड्यात मोजता येऊ लागला. त्याच्या आधी, १९२० च्या दशकाअखेरीपासून, स्त्रीची लघवी उंदरात आणि पुढे बेडकात टोचून निदान होत असे. तेव्हा उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळे. आकडा हाती आला आणि त्याच्याबरोबर आकड्याचा गैरसमजही आला.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टखाली आठवड्यांनुसार ‘नॉर्मल’ मर्यादांचा तक्ता छापलेला असतो. तो नीट पाहिला तर एकाच आठवड्यात काही शेपासून काही हजारांपर्यंतचे आकडे नॉर्मलमध्ये बसलेले दिसतात. म्हणजे पाचव्या आठवड्यात एकीचा आकडा ९०० आणि तिच्या जावेचा ५०००, तरी दोघींचे गर्भ ठणठणीत असू शकतात. जुळे असतील तर आकडा आणखी वर. एकट्या आकड्यावरून गर्भ किती आठवड्यांचा आहे हेही खात्रीने सांगता येत नाही, मग तो टिकेल की नाही हे कुठून सांगणार?

‘दोन दिवसांत दुप्पट’ हा नियम किती खरा?

आकडा दर ४८ तासांनी दुप्पट झाला पाहिजे, हे वाक्य आता दवाखान्याबाहेरच्या बाकावरही ऐकू येते. त्याचे मूळ १९८१ च्या एका अभ्यासात आहे. त्यात दोन दिवसांत किमान ६६ टक्के वाढ अपेक्षित धरली होती आणि तो निष्कर्ष अगदी मोजक्या स्त्रियांवर बेतलेला होता. २००४ मध्ये अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ कर्ट बार्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी शेकडो स्त्रियांचे आकडे तपासले, तेव्हा टिकलेल्या गर्भांमध्येही वाढ ५३ टक्क्यांपर्यंत संथ असल्याचे दिसले. २०१६ च्या पुढच्या अभ्यासात ही मर्यादा आणखी खाली आली आणि ती सुरुवातीच्या आकड्यावर अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले. पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर किमान ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के आणि ३००० च्या वर असेल तर ३३ टक्के. सोमवारी ८०० आणि बुधवारी १२०० आले, तर ‘दुप्पट’च्या हिशेबात ती बाई नापास होते. प्रत्यक्षात तिचा गर्भ सुरळीत वाढत असू शकतो.

सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर तर हा हिशेबच निरर्थक होतो. वाढ मंदावते, आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान आकडा शिखर गाठतो आणि मग आपसूक उतरतो. तरीही नवव्या आठवड्यात ‘बीटा वाढत नाही’ म्हणून हवालदिल झालेली जोडपी दिसतात. एकदा सोनोग्राफीत ठोके दिसले, की गर्भ ठीक आहे का हे पाहण्यासाठी बीटा पुन्हा करण्यात हशील नाही. तो खर्च वाचलेला बरा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आकडा छान वाढतो आहे म्हणजे गर्भ योग्य जागी आहे, असे नाही. गर्भनलिकेत रुजलेल्या गर्भांपैकी साधारण पाचांतल्या एकात ही वाढ अगदी नॉर्मल गर्भासारखीच असल्याचे आढळले आहे. घसरण झाली तर गर्भ टिकण्याची शक्यता फारच कमी असते, हे खरे. पण तो कुठे होता हे माहीत नसेल तर आकडा नकारात्मक होईपर्यंत पाठपुरावा लागतोच.

आकड्याची तुलना करताना दोन्ही वेळची प्रयोगशाळा एकच हवी, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे वेगळे आकडे येऊ शकतात. आणि आणखी एक गोष्ट, जी अनेकदा विचारलीच जात नाही : मधल्या काळात एचसीजीचे इंजेक्शन दिले होते का? बीज फुटण्यासाठी किंवा ‘गर्भ टिकण्यासाठी’ दिलेले हे इंजेक्शन काही दिवस रक्तात राहते. मग प्रयोगशाळा गर्भाने तयार केलेले मोजते की सिरिंजमधून आलेले, हे कागदावर कळत नाही.

सोनोग्राफीत काय, केव्हा दिसते?

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. ‘सहा आठवडे’ याचा अर्थ गर्भाचे खरे वय जेमतेम चार आठवडे. योनीमार्गातून, बोलीभाषेत ‘आतून’, केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भकोष म्हणजे सॅक दिसते, साडेपाचच्या आसपास त्यात पीतक पिशवी आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास तांदळाच्या दाण्याहून लहान गर्भ आणि त्याची लुकलुकणारी हालचाल. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हेच सगळे साधारण आठवडाभर उशिरा दिसते. आपल्याकडे पाणी पाजून, लघवी तुंबवून पोटावरून सोनोग्राफी उरकण्याची सवय अजून आहे. ‘आतून’ म्हटले की पेशंट संकोचते, सोबतची सासू नको म्हणते आणि केंद्रावर रांग असते. अशा सोनोग्राफीवर सहाव्या आठवड्यात ‘ठोके नाहीत’ लिहिले, तर त्या वाक्याला फारसा अर्थ नाही.

त्यात तारखेचा घोळ. सगळे गणित अठ्ठावीस दिवसांच्या पाळीवर बेतलेले. जिची पाळी चाळीस दिवसांनी येते, तिचे बीज जवळपास दोन आठवडे उशिरा फुटते. पीसीओडीच्या मुली, अंगावर पाजत असताना मधली पाळी न येताच दिवस गेलेल्या बाया, तारीख अंदाजानेच सांगणाऱ्या बाया यांच्या बाबतीत कागदावरचे सात आठवडे प्रत्यक्षात पाच असू शकतात. सोनोग्राफी चुकलेली नसते, पेशंटही चुकलेली नसते. फक्त लवकर आलेली असते.

इथे भाषाही दगा देते. मराठीत ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय आणि ‘सॅक’लाही सर्रास पिशवीच म्हटले जाते. डॉक्टर ‘सॅक रिकामी दिसते’ म्हणतात, घरी ‘पिशवी रिकामी आहे’ असे पोहोचते आणि ऐकणाऱ्याच्या लेखी दिवस गेलेच नव्हते किंवा सगळे संपले, असा अर्थ होतो.

७ आणि २५ हे आकडे कुठून आले?

२००९ मध्ये आयर्लंडमध्ये एका स्त्रीला गर्भ गेल्याचे सांगून शस्त्रक्रियेची तारीख देण्यात आली. तिने दुसरीकडे सोनोग्राफी करून घेतली, तेव्हा ठोके दिसले आणि पुढे तिला सुखरूप मूल झाले. तिने हे जाहीर केल्यावर तशाच अनुभवाच्या इतर स्त्रिया पुढे आल्या, देशपातळीवर चौकशी झाली आणि चुकीच्या निदानाची सुमारे दोन डझन प्रकरणे नोंदली गेली. त्याच सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी प्रचलित निकष तपासले. गर्भाची लांबी ५ मिलिमीटर असून ठोके नाहीत, किंवा सॅकचा सरासरी व्यास १६ मिलिमीटर असून आत गर्भ नाही, म्हणजे गर्भ गेला, असे तेव्हा अनेक ठिकाणी धरत. १६ मिलिमीटरचा निकष लावला तर ४.४ टक्के निदाने चुकत होती. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या २० मिलिमीटरच्या निकषातही ०.५ टक्के चूक होती. दोनशेत एक हा आकडा दुसऱ्या कुठल्या तपासणीत चालून गेला असता. इथे त्याचा अर्थ दोनशेंतल्या एका हव्या असलेल्या, जिवंत गर्भाचा शेवट.

मोजमापातही माणसागणिक फरक पडतो. एका तज्ज्ञाने २० मिलिमीटर मोजलेली सॅक दुसऱ्याच्या हाती साधारण १७ ते २४ मिलिमीटरपर्यंत भरू शकते, हेही त्याच वेळी दाखवले गेले. म्हणून मर्यादा ठरवताना मुद्दाम मोकळी जागा सोडली गेली. २०११ मध्ये ब्रिटनने आणि २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून अमेरिकी सोनोग्राफीतज्ज्ञांनी नवे आकडे मांडले : आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा मोठा आणि ठोके नाहीत, अथवा सॅक सरासरी २५ मिलिमीटर किंवा मोठी आणि आत गर्भ नाही. त्याखालचे सगळे ‘शंकास्पद’, निदान नव्हे. वेळेचेही निकष आले. नुसती सॅक दिसली असेल तर किमान दोन आठवड्यांनी, पीतक पिशवी दिसली असेल तर किमान अकरा दिवसांनी पुन्हा पाहूनही ठोके असलेला गर्भ नसेल, तरच गर्भ गेला असे म्हणायचे. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था त्याहून सावध आहे. ७ मिलिमीटरच्या पुढेही दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या किंवा किमान सात दिवसांनी पुन्हा बघा, आणि सोनोग्राफी पोटावरून केली असेल तर चौदा दिवसांनी, असे ती सांगते.

आपल्याकडच्या अनेक रिपोर्टवर मात्र हे मिलिमीटर नसतातच. ‘नो कार्डिॲक ॲक्टिव्हिटी, मिस्ड ॲबॉर्शन’ एवढ्या चार शब्दांत विषय संपतो. गर्भ किती लांब, सॅक किती मोठी, सोनोग्राफी पोटावरून की आतून, हे लिहिलेले नसेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे आणि त्यावर शस्त्रक्रिया ठरवू नये. यात पेशंटने संकोच करण्यासारखे काही नाही. मोजमाप मागणे हा तिचा हक्क आहे.

रिकामे गर्भाशय आणि मेथोट्रेक्सेट

आकडा आणि सोनोग्राफी एकत्र वाचताना सर्वांत मोठी चूक होते ती इथे. बीटा १५०० किंवा २००० च्या पुढे गेला आणि तरी गर्भाशयात काही दिसत नाही, म्हणजे गर्भ नळीत असणार, असा ठोकताळा वर्षानुवर्षे शिकवला गेला. २०११ मध्ये अमेरिकेतले पीटर डूबिले आणि कॅरल बेन्सन यांनी अशा २०२ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, ज्यांचे गर्भाशय पहिल्या सोनोग्राफीत रिकामे दिसले होते, पण पुढे गर्भाशयातच ठोके असलेला गर्भ सापडला. त्यातल्या नऊ जणींचा बीटा त्या दिवशी २००० च्या वर होता. आता अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना अशी मर्यादा वापरायचीच असेल तर ३५०० पर्यंत वर ठेवा, असे सुचवते.

हा तांत्रिक वाद वाटेल, पण त्याच्या टोकाला मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन आहे. नळीतल्या गर्भावर हे औषध उपयोगी आहे, शस्त्रक्रिया टाळते. तेच चुकून गर्भाशयातल्या निरोगी गर्भावर दिले गेले तर तो जातो, किंवा राहिला तर गंभीर व्यंग घेऊन येऊ शकतो. पोटात दुखत नाही, रक्तदाब ठीक आहे, गर्भ कुठे आहे हे नक्की नाही, अशा स्त्रीला एकाच आकड्यावर हे इंजेक्शन देण्याची घाई समर्थनीय नाही. दोन दिवसांनी पुन्हा रक्त आणि गरजेप्रमाणे पुन्हा सोनोग्राफी, एवढा धीर धरता येतो.

मग थांबायचे केव्हा नाही?

दर शंभर गर्भधारणांत एक ते दोन गर्भनलिकेत रुजतात. नळी फुटली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून एका बाजूच्या ओटीपोटात वाढत जाणारी कळ, घेरी, दरदरून घाम, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा खूप रक्तस्राव यातले काहीही झाले तर ‘डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलंय’ म्हणून घरी बसायचे नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे. बीटा कमी आहे म्हणून धोका नाही, हीसुद्धा खोटी खात्री. कमी आकड्यावरही नळी फुटते. गर्भाची जागा गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसले असेल, तर वाट पाहणे बहुतेक वेळा सुरक्षित असते. जागा ठाऊक नसताना वाट पाहणे वेगळे. त्यात दर ४८ तासांचा हिशेब असतो आणि फोन चालू ठेवावा लागतो. दोन्हीला आपण ‘थांबा’ एवढाच शब्द वापरतो, हीच अडचण.

थांबण्याची किंमत कोण मोजते?

‘अकरा दिवसांनी या’ हे लंडनमध्ये सोपे आहे. तिथे अनेक रुग्णालयांत सुरुवातीच्या गर्भधारणेसाठी स्वतंत्र विभाग आहेत. बीडहून निघून सांगली-कोल्हापूरच्या फडावर ऊस तोडणाऱ्या बाईने एक दिवस काम चुकवले तर खाडा भरावा लागतो. अकरा दिवसांनी टोळी कुठल्या गावात असेल हे तिलाही माहीत नसते. तिच्यासाठी ‘आजच काय ते करून टाका’ हा अडाणीपणा नसतो, हिशेब असतो. डॉक्टरच्या बाजूनेही भीती असते : ही परत आलीच नाही आणि वाटेत रक्तस्राव झाला तर? त्यामुळे घाईचा सगळा दोष डॉक्टरांच्या लोभावर टाकून मोकळे होणे सोपे असले तरी पुरेसे नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आतून सोनोग्राफी करणारे माणूस आठवड्यातून किती दिवस असते, हा प्रश्न निकषांइतकाच महत्त्वाचा आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी एफ अर्ज भरावा लागतो. तो दुसऱ्या वेळीही भरता येतो. कायदा पुन्हा तपासणी करण्याच्या आड येत नाही.

या मधल्या दिवसांत हातात काहीतरी हवे म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, इंजेक्शने सुरू होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिझम’ या ब्रिटिश चाचणीत सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या ४,१५३ स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन किंवा निष्क्रिय औषध दिले. मूल झाल्याचे प्रमाण ७५ विरुद्ध ७२ टक्के आले, म्हणजे एकूण फरक ठाम म्हणता येणार नाही इतका लहान. आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांमध्ये मात्र तो ७२ विरुद्ध ५७ टक्के होता. त्या आधारे ‘नाइस’ हे औषध रक्तस्राव आणि पूर्वीचा गर्भपात या दोन्ही गोष्टी असतील तर सुचवते. केवळ ठोके अजून दिसले नाहीत म्हणून ते घेतल्याने ठोके येत नाहीत.

खात्रीने गर्भ गेला असेल तर?

निदान झालेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के अशा संपतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असते. दुचाकीवरून गेली, पपई खाल्ली, जिना चढली, या यादीतले काहीही त्याला जबाबदार नसते. रिपोर्टमधले शब्दही आता बदलत आहेत. २०२४ मध्ये अमेरिकी सोनोग्राफीतज्ज्ञांच्या संघटनेने ‘प्रेग्नन्सी फेल्युअर’ ही संज्ञा वापरू नका, असे सुचवले. मराठीतले ‘बीज खराब होते’ हे वाक्यही त्याच रांगेतले.

पुढे तीन वाटा असतात : आपोआप पडण्याची वाट पाहणे, गोळ्या, किंवा छोटी शस्त्रक्रिया. शेवटच्या वाटेत खरवडण्याऐवजी ओढून काढण्याची, म्हणजे सक्शनची, पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवते. तरीही अनेक ठिकाणी ‘क्युरेटिंग’ हा शब्द आणि ती पद्धत दोन्ही टिकून आहेत. कोणती वाट घ्यायची हे खूप रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग नसेल तर त्या स्त्रीने ठरवायचे. त्यासाठी एक-दोन दिवस घेतले तरी बिघडत नाही. त्यानंतरही बीटा लगेच शून्यावर येत नाही, काही आठवडे लागतात. या काळात घरच्या पट्टीवर दोन रेघा दिसत राहतात आणि नव्याने आशा किंवा भीती निर्माण होते. आकडा उतरायचा थांबला किंवा वाढू लागला, तर द्राक्षगर्भाची किंवा नळीतल्या गर्भाची शंका घेऊन पुन्हा तपासणी करावी लागते.